ग्लायसिन, सॉर्बिटॉल आणि तेगबीर

दार ढकललं तर घनता मोजायच्या यंत्रापाशी एक पगडीवाला वाकून बसलेला. सकाळचे सात वाजत होते, बाहेर अमृतसरचं दाट धुकं, आणि त्या एकुलत्या एका यंत्रावर आजची पाळी रवनीतची होती.

“ही माझी वेळ आहे.”

“माहितेय जी,” तो मान वर न करता म्हणाला. “नळीत बुडबुडा राहिलाय. कालच्या माणसाचा आळस. तुमचं काम बिघडायला नको, म्हणून काढतोय.”

“कालचा माणूस मीच.”

आता त्याने वर पाहिलं... आणि कान लाल करून हसला. खरं तर रवनीतला राग यायला हवा होता. पण आला नाही.

तो तेगबीर. भटिंड्याहून नुकताच संशोधनाला आलेला. रवनीतचं हे चौथं वर्ष. तिचं काम सांगायला सोपं, करायला मात्र जिकिरीचं. सॉर्बिटॉल म्हणजे साखरेचीच बहीण. ते पाण्यात विरघळवून मोठा फ्लास्क भरून ठेवायचा, त्यातल्या थोड्या थोड्या द्रावणात ग्लायसिन नावाचं चिमुकलं अमिनो आम्ल वाढत्या मापाने घालायचं, आणि दर वेळी घनता मोजून दोघांचं कसं जमतंय ते ताडायचं. महिनाअखेर प्रबंध दिला तरच कपूरथळ्याच्या कॉलेजातली नोकरी तिला मिळणार होती.

“मग... जमतंय का दोघांचं?” एकदा चहा ओतताना त्याने विचारलं.

“जमतंय की. ग्लायसिनच्या दोन्ही टोकांना पाणी घट्ट बिलगून असतं. सॉर्बिटॉल जवळ आलं की त्यातलं थोडं सुटतं. ग्लायसिन जरा ऐसपैस होतं.”

“बांधून नाही घालत त्याला?”

“छे. नुसतं जवळ येतं.”

“शहाणं आहे,” तेगबीर म्हणाला, आणि कपाऐवजी तिच्याकडेच बघत राहिला. चहा बशीत सांडला.

पुढच्या आठवड्यात तिचा आलेख बिघडला. पहिले सहा बिंदू सुतात होते, नंतरचे पाच मात्र भलतीकडेच घसरलेले. पाच गाळावेत आणि सहावर भागवावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. तेगबीरने कागद हातात घेतला.

“हे पाच कधीपासूनचे?”

“मंगळवारपासूनचे.”

त्याचा चेहरा पडला. त्या प्रयोगशाळेचा एक रिवाज होता, ज्याने ऊर्ध्वपातित पाणी वापरलं त्याने जाताना फ्लास्क भरून ठेवायचा.

“मंगळवारी खिडकीतला फ्लास्क अर्धा दिसला. चिठ्ठी नव्हती त्यावर. पाणीच असेल म्हणून... मी भरला.”

तो फ्लास्क रवनीतच्या सॉर्बिटॉलचा होता, आणि ते द्रावण दिसायला अगदी पाण्यासारखं असतं. चिठ्ठी लावायला तीच विसरली होती, पण ते तिला तेव्हा सुचलंच नाही.

“गप्प बसला असतास तर मला जन्मात कळलं नसतं.”

“मला कळलं असतं ना,” तो म्हणाला.

यंत्रावरच्या आपल्या सगळ्या पाळ्या त्याने तिला देऊन टाकल्या. रोज पहाटे तिच्याआधी येऊन तो पाणी उकळून त्यातली हवा घालवायचा, सॉर्बिटॉल वाळवून ठेवायचा. तराजूचा आकडा हलू नये म्हणून तो श्वास रोखून ग्लायसिन तोलायचा, तेव्हा रवनीत आपलं काम सोडून त्याच्याकडे बघत बसायची. इतका नीट माणूस तिने आजवर पाहिला नव्हता. आणि एकेक बिंदू रेषेवर येऊन बसत होता, तसतसं कपूरथळाही जवळ येत होतं. हे दोघांनाही ठाऊक होतं, पण बोलत कुणीच नव्हतं.

शेवटचा आकडा त्याने एका दमात वाचला. तिने बिंदू मांडला. तो अगदी रेषेवर पडला.

“हा चुकीचा वाचला असतास,” ती हळूच म्हणाली, “तर आणखी दोन दिवस मिळाले असते...”

“मनात आलं होतं.”

“मग?”

“मग तू ज्याच्याकडे बघत बसतेस, तो मी उरलो नसतो.”

म्हणजे त्याला सगळं दिसत होतं तर! रवनीतने पेन्सिल खाली ठेवली. तिला तो आवडत होता, आणि हे आता मनात ठेवणं तिला जड झालं होतं.

“रविवारी पप्पाजींना घेऊन कपूरथळ्याला खोली बघायला जातेय. तूही चल.”

“मी? कोण म्हणून?”

“जो माझ्याशी लग्न करणार आहे... तो म्हणून.”

तेगबीरने टेबलावरचा तिचा हात अलगद हातात घेतला.

“पप्पाजींना ठाऊक आहे हे?”

“नाही. खरं सांगायची सवय तुला आहे. तूच सांग.”