जप्तीची घोडी

“माझ्या भावाने बाबांना मारलं,” साल्किन दारातच म्हणाली. “एका घोडीपायी!”

झानिलताईंनी चहाची वाटी पुढे सरकवली. किर्गिझस्तानातल्या नारिनच्या पोलिसांतून निवृत्त झाल्या, तरी अडलेली माणसं त्यांचंच दार ठोठावत. त्यांचा जुना ड्रायव्हर तुरात पाव चावत ऐकत होता.

साल्किनच्या धाकट्या भावाने, कुबातने, घर गहाण टाकलं, हप्ते थकले, घर लिलावात गेलं. तरी कर्ज फिटेना. उरलेल्या रकमेपोटी कर्ज देणारी कंपनी घोडी जप्त करणार होती. आदल्याच दिवशी बाबा वारले आणि मयताच्या जेवणाला तीच घोडी कापली गेली.

“बरी सोय झाली की!” तुरात म्हणाला.

“तू पाव खा,” झानिलताईंनी दटावलं.

कुबातचा संसार आता चुलत्याच्या अंगणात, लोकरी नमद्याच्या तंबूत होता. कुंपणावर घोडीचं कातडं वाळत होतं. झानिलताईंनी त्यावरचा मालकीचा डाग बोटाने चाचपला. अर्धा चंद्र होता.

“हा कोणाचा?”

“बाबांचा,” कुबात म्हणाला. “पण आमच्यात धाकट्या मुलाचंच असतं ना सगळं! वसुलीवाल्याला मीच सांगितलं, घोडी माझी म्हणून.”

“कुरणावरून खाली कोणी आणली?”

“बाबांनीच आणवली. म्हणाले, जव घाल तिला, पाहुणे यायचेत.”

“कोण पाहुणे?”

“देव जाणे. बोलावलं तर कोणालाच नव्हतं.”

सून डोळे पुसत म्हणाली, “हृदयाची गोळी मी रोज मामंजींच्या हातावर ठेवायचे. ते मान वळवून तोंडात टाकायचे. माझं काय चुकलं हो?”

खुंटीवर म्हाताऱ्याची टोपी होती. झानिलताईंनी ती उचलली, तेव्हा काहीतरी खुळखुळलं.

“सगळे बसा,” त्या म्हणाल्या आणि टोपीची दुमड उलगडली. गोळ्या सतरंजीवर सांडल्या.

“त्यांना कोणी मारलं नाही. पाहुणे म्हणजे मयताला येणारी माणसं. घोडी परक्याने ओढून नेण्यापेक्षा आपल्या मयताला गावाने खावी, म्हणून त्यांनी औषध सोडलं.”

साल्किन सांडलेल्या गोळ्या वेचू लागली.

“म्हणजे जप्तीची नामुष्की टाळली त्यांनी,” कुबात हुंदका देत म्हणाला.

झानिलताईंना तिथेच बोलणं थांबवावंसं वाटलं. पण तुरात कधी गप्प बसतोय! “ताई, डाग बाबांचा होता, मग घोडी कुबातची कशी?”

“नव्हतीच,” त्या हळूच म्हणाल्या. “कर्ज कुबातचं, घोडी बाबांची. ते जिवंत होते तोवर कंपनीला तिला हात लावता आला नसता. ते गेल्यावरच ती कुबातकडे आली असती.”

कुबात साल्किनकडे वळला.

“आक्का,” कुबात म्हणाला, “तू बरोबरच बोललीस. मीच मारलं.”

साल्किनने त्याला जवळ ओढलं, पण ‘नाही रे’ एवढंही तिच्या तोंडून निघेना.