पाणीखात्यातलं नसलेलं कासव

"मावशी, चल ना गं! सहलीचे सगळे तलावावर पोचलेसुद्धा असतील!" ढब्बू फिरत्या खुर्चीवर गरागरा फिरत ओरडला.

"चल काय चल! संध्याकाळपर्यंत चोर सापडला नाही, तर माझी नोकरी जाणार आहे!" मावशी म्हणाली.

खुर्ची थांबली.

मावशी शहराच्या पाणीखात्यात कॉम्प्युटर-सुरक्षेची प्रमुख होती. खात्याच्या कॉम्प्युटरांत कुणी गुपचूप शिरू नये, हे बघणं तिचं काम. सुट्टीत राहायला आलेली तिची भाची वकीलबाई, भाचीचा धाकटा भाऊ ढब्बू आणि मावशीचा मुलगा प्रोफेसर तिच्या केबिनमध्ये ताटकळत बसले होते. वकीलबाई कशावरही वाद घालायची. प्रोफेसरला चष्मा होता आणि ढब्बूला भूक!

"पण झालंय तरी काय?" वकीलबाईने विचारलं.

"फसवे मेल येतायत. इथे पासवर्ड भरा, तिथे पासवर्ड भरा! पूर्वी असला मेल वाचताक्षणी कळायचा, इतका गचाळ लिहिलेला असायचा. आता एआयला सांगितलं की तो कसा गोड लिहून देतो! काल पगाराच्या नावाने मेल आला. सगळ्यांना सावध करायचं, असं मी गुप्त अहवालात लिहिलं. आणि मी कुणाला काही सांगायच्या आत हा बघा!"

तिघांनी स्क्रीनकडे माना वळवल्या. 'पगाराच्या फसव्या मेलपासून सावध राहा! आपला पगार सुरक्षित ठेवण्यासाठी इथे पासवर्ड भरा.'

"चोर तो चोर, वर शिरजोर!" प्रोफेसर म्हणाला.

"मी एक दार लावते, तो दुसरं उघडतो. मला काही म्हणजे काही कळेनासं झालंय रे!" मावशीचा आवाज रडवेला झाला. तिला असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. मुलांना फार वाईट वाटलं.

"तो अहवाल कोण कोण वाचतं?" वकीलबाईने विचारलं.

"मी आणि माझे उपप्रमुख. ते टायवाले काका."

"मग काकाच चोर!" ढब्बूने निकाल दिला.

"छे! त्यांना स्वतःचा डबा सापडत नाही, ते कसली चोरी करतायत!"

"वाद नको, पुरावा हवा," वकीलबाई म्हणाली. हे तिच्या तोंडून ऐकून सगळ्यांनाच आश्चर्य वाटलं. "मावशी, अहवालात एक थाप लिही. दुसऱ्या कुणाला सुचणारच नाही अशी! ती मेलमध्ये आली, तर गळती अहवालातूनच आहे."

"कासव!" ढब्बू ओरडला.

दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून मावशीने लिहिलं, 'पंपघरात एक म्हातारं कासव सापडलं आहे. कर्मचारी त्याची काळजी घेत आहेत.'

दुपारचा चहा यायच्या आत मेल आला!

'आपल्या लाडक्या कासवाची प्रकृती अचानक बिघडली आहे. त्याला भेटण्याची वेळ ठरवण्यासाठी इथे पासवर्ड भरा.'

"सापडला! सापडला!" तिघांनी एकच गिल्ला केला. टायवाल्या काकांना ताबडतोब बोलावणं गेलं.

"काका, कासवाबद्दल कुणाला सांगितलंत?" वकीलबाईने विचारलं.

"कुणालाही नाही! शप्पथ!"

"कुण्णालाच नाही?"

"माणसाला तर नाहीच." काकांनी टायची गाठ सैल केली. "म्हणजे... अहवाल एआय वाचतो. मीच त्याला सांगितलं होतं, की लोकांची परीक्षा घ्यायला खोटे मेल पाठव आणि अहवाल वाचून ते सुधारत जा. अचानक परीक्षा घ्यायची, म्हणून बोललो नाही कुणाला. भरलेले पासवर्ड आपल्याकडेच बंद राहतात हो, बाहेर नाही जात!"

"मग ते थांबवलंत कधी?" मावशीने विचारलं.

"ते आपोआप थांबतं ना?"

मावशीने डोक्याला हात लावला.

"नाही थांबत का?"

"म्हणजे आई, चोर नव्हताच!" प्रोफेसर म्हणाला. "तू साप साप म्हणून भुई धोपटत होतीस!"

"म्हणजे मी माझ्याच अहवालाशी लढत होते? मी शहाणी झाले की तोही शहाणा?" हसावं की रडावं, मावशीला कळेना. काकांनी घाईघाईने एआयचं काम बंद केलं.

तेवढ्यात धाडकन दार उघडून मोठे साहेब आत आले. मावशीला घरी पाठवायची भाषा सकाळी त्यांनीच केली होती.

"चोराचं राहू द्या! कासव कसं आहे आता?"

मावशी खुर्चीतून ताडकन उठली.

"साहेब, तुम्ही पासवर्ड भरलात?"

"भरावाच लागला! त्याशिवाय भेटायची वेळच मिळेना!"

मावशीने त्यांना बसवलं आणि सगळा घोळ सांगितला. साहेबांचे कान लाल झाले.

"हा आपलाच होता म्हणून वाचलो, साहेब. खऱ्या चोराच्या हातातही एआय आहेच," ती म्हणाली. "मला अजूनही भीती वाटतेय."

"ज्याला भीती कळते, तोच माणूस या खुर्चीत हवा," साहेब म्हणाले. "नोकरी जाण्याचं डोक्यातून काढून टाका, बाई. यापुढे तुम्हाला विचारल्याशिवाय इथे एकही एआय कामाला लागणार नाही. ऐकलंत ना, टायवाले? आणि पोरांनो, शाब्बास! मोठमोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत!"

तिघांची छाती फुगली. साहेब मात्र दारात घुटमळले.

"पण कासव... अजिबातच नाही?"

"अजिबात नाही!" ढब्बू म्हणाला.

साहेबांनी घड्याळाकडे पाहून कपाळावर हात मारला. "अरे देवा! माझी नात निघालीय त्याला बघायला!"