फिरत्या कपाटापलीकडचा आवाज

माझी गोष्ट ऐन रंगात आली होती... आणि भिंत शिंकली!

पाहुणे दचकले. मी मात्र वैतागले. राष्ट्रप्रमुखांच्या या निवासस्थानात मी गाइड आहे. पूर्वी हा नन्सचा मठ होता. जिथे त्या मौन पाळायच्या, तिथे आता मंत्री भाषणं ठोकतात. पण खरा जीव आहे तो भिंतीतल्या गोल, फिरत्या कपाटात. बाहेरच्याने भाजी किंवा औषध ठेवून कपाट फिरवायचं, आतल्या ननने ते घ्यायचं. तोंड कुणी कुणाचं पाहायचं नाही. म्हणे, एक नन आणि एक माळी तिथेच बोलता बोलता प्रेमात पडले.

“सॉरी हं, भुसा नाकात गेला,” भिंतीपलीकडून आवाज आला. कपाट दुरुस्त करणारा सुतार! “पुढे काय झालं पण?”

“काही नाही. न बघता जन्मभर नुसते बोलत राहिले.”

“नुसते? धन्य तो माळी!”

पाहुणे हसले. मीही... जरा जास्तच.

मग रोज पाहुणे गेले की माझे पाय तिकडेच वळायचे. मी अर्धं सफरचंद ठेवून कपाट फिरवायची.

“कडेला हात लावून बघा,” तो एकदा म्हणाला. “किती मऊ झालंय लाकूड. कित्येक हात फिरलेत यावरून. मला रंधा मारवेना.”

त्या क्षणी मला तो फार आवडला. कामगारांची ये-जा मागच्या फाटकातून, त्यामुळे त्याला पाहिलं मात्र नव्हतं. “भिंतीशीच लग्न कर,” मैत्रिणी चिडवायच्या.

एके दुपारी तो म्हणाला, “झालं काम. उद्यापासून आत यायचा पास बंद.”

“मग... भेटायचं कसं?”

पलीकडे हत्यारं पेटीत ठेवल्याचा खडखडाट झाला.

“भीती वाटते हो,” तो हळूच म्हणाला. “आवाज आवडला म्हणून माणूस आवडेलच असं थोडंच आहे?”

त्या नन आणि माळ्यापुढे मी मनोमन हात जोडले. त्यांचं प्रेम थोरच, पण माझ्याच्याने ते होणार नव्हतं. अंगण ओलांडून, पहारेकऱ्याच्या हाकेकडे दुर्लक्ष करून मी धावत भिंतीपलीकडे गेले.

बुटका, मोठ्या कानांचा, केसांत भुसा. मला बघून त्याने मान खाली घातली.

“बघितलंत ना... आता?”

“आता ऐका. मला तुम्ही आवडता.” मला धाप लागली होती. “उद्या फाटकावर विचारतील, काम कुणाकडे. सांगा, गाइडबाईंकडे. किती दिवसांचं विचारलं, तर... जन्मभराचं म्हणावं.”