फत्तेसिंगचा नवा सायलेन्सर

कंदील स्वल्प बारीक करा आणि जवळ सरा. मध्ये विचारू नका काही. आमच्या फत्तेसिंगवर गुदरलेलं हे, आणि शेवटचं तर मी डोळ्यांनी पाहिलंय.

बासष्ट सालची मार्गशीर्ष अमावास्या. फत्तेसिंग आमच्याच गल्लीतला, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरकर. त्याच्याकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली मोटारसायकल होती. तिचा सायलेन्सर गंजून चाळणी झालेला. नवा मिळेना, म्हणून त्यानं मोडीच्या बाजारातून दुसऱ्याच गाडीचा आणला. रघुजी मेस्त्रीनं तो बसवला. तोंड सैल होतं, म्हणून पत्र्याची पट्टी गुंडाळून क्लॅम्प आवळला. किक मारली, तर आवाज भलताच. खोल, आणि मधूनच दम अडकल्यासारखा. रघुजी म्हणाला, चालव थोडी, होईल सरळ.

फत्तेसिंगची बहीण अहल्या शहराबाहेर के. आर. पुरमला दिलेली, नुकतीच बाळंत झालेली. दिवेलागणीला हा डिंकाच्या लाडवांचा डबा हँडलला अडकवून तिच्याकडे निघाला.

पुरमच्या तळ्याच्या बांधापर्यंत गाडी छान चालली. तिथं एकदम जड झाली. मागं कुणी बसावं, तशी. त्यानं वळून पाहिलं. सीट रिकामी होती. पण तिच्या स्प्रिंगा दबलेल्या होत्या.

अहल्याचं घर सरळ पुढं. हँडल डावीकडे वळलं. त्यानं जोर लावला... वळेना. ब्रेक दाबला, स्विच बंद केला, पेट्रोलचा कॉक फिरवला. इंजिन चालूच.

गाडी एका कौलारू घरापुढं जाऊन थांबली. धडधडत राहिली.

दार उघडलं. हातात पेटती चिमणी घेतलेली एक म्हातारी. तिनं फत्तेसिंगकडे पाहिलंच नाही. त्याच्या खांद्यावरून मागं पाहिलं.

"आलास बसवंता? गाडीचा आवाज वळखला मी."

अव्वा, मागं कुणी नाही, असं तो सांगणार, तोच ती पुढं म्हणाली,

"उतर की लेका. भाकरी निवाली."

मागच्या स्प्रिंगा करकरल्या.

वर आल्या.

गाडी हलकी झाली...

म्हातारीनं हात पुढं केला आणि धरला. काय धरलं, ते दिसलं नाही. पण तिची मूठ पुरती मिटत नव्हती. तशीच ती आत गेली. दार लागलं. इंजिन आपोआप बंद पडलं.

गाडी ढकलत तो अहल्याकडे पोचला. तिच्या नवऱ्यानं, सुधींद्रनं, ऐकून घेतलं. मग म्हणाला, ती गंगव्वा. निपाणीकडची, मुलाच्या नोकरीपायी इथं आलेली. गेल्या पावसाळ्यात मुलगा बसवंत गाडीसकट बांधावरून तळ्यात गेला. गाडी काढली, मोडीत विकली. बसवंत सापडलाच नाही.

फत्तेसिंग रात्रभर भिंतीला टेकून बसला. सकाळी तो आणि सुधींद्र तिच्या घरी गेले. गंगव्वा अंगणात भांडी घासत होती. दोन ताटं होती. तिनं वर पाहिलं आणि विचारलं, कोण पाहिजे? चेहऱ्यावर असं समाधान, की फत्तेसिंगला रात्रीचं सांगावंसं वाटेना. बोलून तरी काय करणार होता? चुकलो, कुणी नाही, एवढंच म्हणाला आणि परत फिरला.

गाडी बैलगाडीतून आणली. रघुजीनं सायलेन्सर सोडवला तेव्हा मी तिथंच होतो. आत काही नव्हतं, नुसती काजळी. तो म्हणाला, आता तशीच चालू करून बघू, कान झाका. बिनसायलेन्सरची गाडी, सगळी गल्ली हादरायची.

किक मारली. उघड्या नळीतून धूर आला. टाकी थरथरायला लागली. मी इंजिनाशी हात नेला... चटका बसला. चालू होतं.

आम्ही कानांवरचे हात काढले.

आवाजच नव्हता.