गळती बंद झाल्याची तक्रार

पाणीपुरवठ्याचे साहेब, तीन उन्हाळे तुम्ही नुसत्या झोपा काढल्यात. धायरीच्या टँकर पॉइंटमागचा तो व्हॉल्व्ह तीन उन्हाळे गळत होता. पलीकडच्या चाळीतल्या बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या राहायच्या, आणि तुमच्या ॲपवर दर वेळी एकच उत्तर यायचं: 'तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे.' कुणी केलं? कधी केलं? पाणी तर तसंच वाहत होतं! आणि एकदाचे जागे झालात, पाना घेऊन माणूस धाडलात, तो नेमका त्या आठवड्यात, जेव्हा त्या गळक्या पाण्यावर चार जीव तगून होते. काम न करून वाटोळं करणारे पुष्कळ पाहिले. काम करून वाटोळं करणारे तुम्हीच!

पण या भानगडीत तुमच्या हातून एक भलं काम झालं. तेही तुम्हाला ठाऊक नाही. तेवढं ऐकून घ्या.

तो व्हॉल्व्ह लावून धरला होता मैत्रीने. राहायची कर्वेनगरला, चित्रकला शिकवायची धायरीतल्या शाळेत. जाता-येता ते वाहतं पाणी बघायची आणि जाता-येता चिडायची. चिडली की लिहायची. लिहायला तिच्याकडे एक हक्काची जागा होती, 'आज काय दिसलं?' नावाचा ग्रुप. पुण्यातले पक्षी, फुलपाखरं, साप, मुंगसं बघणारी चार-पाचशे माणसं त्यात होती. नियम दोनच. गुड मॉर्निंग टाकायचं नाही, आणि आडनाव लावायचं नाही. नाव, राहण्याचा भाग आणि काय दिसलं, बस्स. 'बद्रीनाथ, स्वारगेट: बसची वाट बघताना घारी तीन दिसल्या. बस एकही नाही.' 'पूर्णिमा, कोथरूड: खिडकीत शिंजीर आला. त्याच्या नादात दूध उतू गेलं. सासूबाई दिसल्या.' असा सगळा कारभार.

आडनाव न लावण्याचा नियम मैत्रीला मनापासून आवडायचा. तिचं आडनाव गायकवाड. ते ऐकलं की समोरचा माणूस गोड हसून हमखास पुढचं विचारायचा — "कुठले गायकवाड?" त्या 'कुठले'चा अर्थ गाव नसतो, हे पुण्यात शेंबड्या पोरालाही कळतं. या ग्रुपमध्ये तिला तसं कुणी विचारलं नव्हतं. इथे ती नुसती 'मैत्री, कर्वेनगर' होती.

तर व्हॉल्व्ह दुरुस्त झाला. एप्रिल संपत आला होता, शाळेला सुट्टी लागलेली, तरी ही बाई सकाळी सकाळी स्कूटर काढून विजयाचा फोटो काढायला धायरीला पोचली. फोन पुढे धरून, चांगला कोन शोधत, एकेक पाऊल मागे सरकत...

"थांबा! पाय खाली ठेवू नका!"

मैत्री एका पायावर उभी. मागे वळून बघते तर एका जुनाट टँकरच्या चाकाआड एक तरुण पालथा पडलेला. कोपरं धुळीत, हातात कॅमेरा.

"का? सुरुंग पेरलेत?"

"अंडी आहेत."

"कुठे?"

"डाव्या चपलेशेजारी. वीतभर."

तिला खडीच दिसली. मग त्या खडीतले चार खडे हळूहळू वेगळे झाले... मातकट, काळे ठिपके असलेले, निमुळती टोकं आत करून एकमेकांना टेकलेले. डोक्यावर एक टिटवी घिरट्या घालत जिवाच्या आकांताने ओरडत होती.

"हळूच इकडे या. असं... हां." तो कपडे झटकत उठला. "आमच्या गावात टिटवीला अपशकुनी म्हणतात. तिला विचाराल तर आत्ता अपशकुनी आपण दोघं आहोत."

"तुम्ही आधीपासून होतात. मी नंतर आले."

"बरं, मी थोरला अपशकुनी." तो हसला. हसताना त्याच्या डोळ्यांच्या कडांना धूळ सुरकुतली. मैत्रीने उगाच दुसरीकडे बघितलं. "परवापर्यंत त्या व्हॉल्व्हखाली डबकं होतं. ही त्यात पोट भिजवायची आणि ओल्या पोटाने अंड्यांवर येऊन बसायची. नर-मादी आळीपाळीने. या उन्हात अंडी शिजू नयेत म्हणून. आता कुणा शहाण्याने तक्रारी करून करून..."

"शहाणीने."

"काय?"

"शहाण्याने नाही, शहाणीने." मैत्रीने फोन पाठीमागे लपवला. त्यावर अर्धवट लिहिलेलं होतं — 'जिंकलो!'

तो बघत राहिला. "मैत्री... कर्वेनगर?"

"आणि आपण?"

"विश्वजीत, धायरी."

"अरे देवा!" या माणसाशी ती सहा महिने ग्रुपवर भांडत होती. तिने लिहिलं होतं, 'हे टँकरवाले चोर आहेत.' त्यावर याचं उत्तर आलं होतं, 'चोरांनाही पक्षी आवडतात, ताई.'

"म्हणजे तुम्ही खरंच..."

"चोर. हो. वडिलांचे, आमच्या आबांचे, दोन टँकर आहेत. हा त्यातला म्हातारा." त्याने टँकरवर थाप मारली. "आणि ते 'ताई' तेवढं परत घेतो. प्रत्यक्ष बघितल्यावर."

मैत्रीने ऐकलं नाही असं दाखवलं, आणि तिथल्या तिथे तुमच्या कचेरीत फोन लावला, साहेब. आठवतंय का?

"तुम्ही धायरीचा व्हॉल्व्ह दुरुस्त केलात."

"हो मॅडम. धन्यवाद."

"धन्यवाद कसले! तक्रार आहे."

"परत गळतोय?"

"नाही, गळत नाहीये!"

"मॅडम, गळत नसल्याची तक्रार घ्यायची सोय आमच्याकडे नाही. जरा सावलीत बसा. ऊन फार आहे."

विश्वजीत टँकरला टेकून पोट धरून हसत होता. मैत्रीला आधी राग आला, मग तीही हसली, आणि मग दोघांनी एकदमच त्या कोरड्या खड्ड्याकडे बघितलं.

पाणी द्यायचं कुठून? टँकरमधलं ओतायला त्याची तयारी होती, तिची नव्हती. "समोर बायका हंडे घेऊन उभ्या आहेत. त्यांच्या डोळ्यांदेखत पिण्याचं पाणी मातीत घालायचं? मग मी तक्रार कशाला केली?" शेवटी तिलाच सुचलं. तिच्या इमारतीत घरोघरी पाणी शुद्ध करायची यंत्रं. पेलाभर गोड पाण्यामागे दोन-तीन पेले सरळ मोरीत. दुसऱ्या दिवसापासून शेजारणींकडून ते पाणी कॅनमध्ये भरून ती स्कूटरवरून नदी ओलांडून आणू लागली. पण मातीने ते घोटाघोटाने पिऊन टाकलं. मग विश्वजीतने चौकातला एका भावी नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स उतरवला. खड्ड्यात तो पालथा अंथरला, वर माती टाकली आणि पाणी ओतलं. पाणी थांबलं.

"या माणसामुळे कुणाला पाणी मिळायची ही पहिलीच वेळ," मैत्री म्हणाली.

चाळीतल्या मथुराबाई हंडा कमरेवर घेऊन बघत होत्या. मैत्रीला वाटलं, आता ऐकवणार. पण त्या म्हणाल्या, "ते गळायचं बंद झाल्यापासनं आमच्या नळाला धार आली, बाई. आता त्या पाखराचंबी बघा कायतरी."

बघणं म्हणजे म्हाताऱ्या टँकरच्या केबिनमध्ये बसून राहणं. पक्षी माणसाला बिचकतात, गाडीला नाही. पहिल्या दिवशी टिटवी डबक्याकडे फिरकलीच नाही. नुसती चोच उघडी टाकून अंड्यांवर उभी, पंखांची सावली धरून. मैत्रीला बघवेना. दुसऱ्या सकाळी मात्र ती तुरुतुरु आली, मान उंचावून इकडे-तिकडे पाहिलं, आणि पाण्यात बसली. उठली, पुन्हा बसली. मग ठिबकतं पोट घेऊन धावत गेली आणि अंड्यांवर अलगद टेकली.

मैत्रीने विश्वजीतचं मनगट घट्ट धरलं होतं. ते तिच्या उशिरा लक्षात आलं.

"राहू दे," तो म्हणाला, "माझी काही तक्रार नाही."

पुढचे दिवस उन्हाने नुसते भाजून काढले. केबिनमध्ये डिझेलचा वास, तापलेलं रेक्झिन, मधे उसाच्या रसाचे दोन ग्लास. ग्रुपवर बातमी पसरली — ठिकाण न सांगता, कारण घरट्याचं ठिकाण सांगणं म्हणजे शंभर कॅमेरे अंगावर घेणं. बद्रीनाथकाकांनी फर्मान काढलं, 'मोरीत जाणारं पाणी ज्यांच्याकडे असेल त्यांनी मैत्रीच्या इमारतीत आणून द्यावं. कशाला, विचारू नये.' आणि माणसं आणून देत होती! पूर्णिमाताई तर सासूबाईंना घेऊन आल्या. कॅन सासूबाईंच्या हातात.

दुर्बीण एकच होती, विश्वजीतची. तो तिचं चाक मैत्रीच्या डोळ्यांना जुळेल असं फिरवून मगच तिच्या हातात द्यायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कुणीच बघितलं नाही.

"नरसुद्धा अंड्यांवर बसतो?" तिने विचारलं.

"बसतो की. दुपारच्या पाळीला तोच असतो."

"शिक काहीतरी."

"अंडी घालणारी मिळू दे, बसतो मी."

"निर्लज्ज!" ती म्हणाली, आणि रस पिताना तिला ठसका लागला.

बुद्धपौर्णिमेला ती डब्यातून खीर घेऊन आली. आईने सकाळी वंदना झाल्यावर केलेली. डबा त्याच्या हातात देताना ती त्याच्या तोंडाकडे बघत होती... काय उमटतं ते बघत. त्याने दोन वाट्या संपवल्या, बोटं चाटली आणि म्हणाला, "आईंना सांग, वेलदोडा कमी चाललाय." डब्यावर कोरलेलं 'गायकवाड' त्याने वाचलं, पण 'कुठले' ते विचारलंच नाही. घरी जाताना मैत्री सिग्नलला हिरवा दिवा लागला तरी थांबून होती. मागचे लोक हॉर्न मारमारून थकले.

मेच्या अखेरीला एका सकाळी अंडी हलली. तीन पिल्लं बाहेर आली, मातीच्याच रंगाची, लांब लांब पायांची. अंग वाळल्याबरोबर ती आईमागे चालायला लागली. चौथं अंडं तसंच राहिलं.

"त्या कोरड्या दिवसांत गेलं ते," मैत्री म्हणाली. "माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे मथुराबाईंच्या नळाला धार आली. ज्यांनी तीन वर्षं लावली, त्यांनी घ्यावं ते अंडं उरावर."

टिटवी पिल्लांना घेऊन कालव्याच्या गवताकडे निघाली. एक पिल्लू मागे राहिलं, ओरडा बसला, पळत सुटलं. मग गवत हललं, आणि थांबलं. कॅन रिकामे झाले होते. उद्या इथे यायला काही कारणच उरलं नव्हतं. दोघांनाही ते कळलं होतं.

"मैत्री... मला तू हवीयेस," विश्वजीत म्हणाला. "रोज. पक्षी असो, नसो. आणि... मी आबांना सांगितलंय."

"काय सांगितलंस?"

"रोज टँकर घेऊन कुठं जातो म्हणून विचारत होते. मी म्हटलं, एक मुलगी आहे. म्हणाले, आडनाव काय? म्हटलं, गायकवाड. असे खूश झाले! म्हणाले, 'मग आपल्यातलीच हाय की! गाव कुठलं?'"

तो हसला. मग त्याच्या लक्षात आलं, एकटाच हसतोय.

"मग तू काय म्हणालास?"

तो दुर्बिणीचं चाक फिरवत राहिला.

"विश्वजीत, तू काय म्हणालास?"

"म्हटलं... विचारून सांगतो."

"खीर खाल्लीस ना तू? मग विचारायचं काय राहिलं होतं?"

"मला वाटलं, आधी तू त्यांना आवडू दे. एकदा आवडलीस की मग हळूहळू..."

"म्हणजे त्यांना आवडायला आधी मी दुसरी कुणीतरी व्हायचं?" तिचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "मी बौद्ध आहे. ही काही सोसून घ्यायची गोष्ट नाही, की योग्य वेळ बघून कबूल करायचा गुन्हा नाही. माझ्या आजोबांनी ताठ मानेने घेतलेली वाट आहे ती. तुझ्या घरात मी शिरेन तर पुऱ्या नावाने, नाहीतर शिरणार नाही. मला तू आवडतोस. फार आवडतोस. म्हणूनच सांगतेय." तिने हेल्मेट चढवलं, पट्टा लावला, स्कूटरची किल्ली फिरवली.

विश्वजीतने तिला अडवलं नाही, शपथा घेतल्या नाहीत. त्याने खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि आवाज मोठा केला.

"आबा."

"बोल रं. टँकर कुठाय? गिऱ्हाईक बोंबलतंय हितं."

"टँकर हाय. आबा, परवा मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. मैत्री बौद्ध हाय. मला ते तवाच ठाऊक होतं. मी भ्यालो, म्हणून गप बसलो. मला तिच्याशी लगीन करायचंय. तिनं अजून हो म्हटलं नाय, आन मी असा भित्रा राहिलो तर म्हणणारबी नाय."

पलीकडून पंपाच्या मोटरची घरघर येत होती. मग कुणीतरी ती मोटर बंद केली.

"ती... तिथंच हाय का?" आबांचा आवाज.

"हाय. ऐकतीये."

मैत्रीने स्कूटर बंद केली. हेल्मेटचा पट्टा सोडला. फोन त्याने दोघांच्या मधे धरला. तिने खालून आपला हात लावला.

"आबा, बघू म्हणू नका. गावाला काय सांगू, तेबी विचारू नका. तुमचा पोरगा सरळ विचारतोय. तिला, तिच्या आईवडिलांना, पुऱ्या नावानिशी आपल्या घरी बोलवू का? नुसतं हूं नको, आबा. तोंडानं बोला."