फोटोतल्या पांढऱ्या रेघा

खडेबाजारातल्या फोटो स्टुडिओची काच लोकांनी फोडली, त्याच्या दुसऱ्या दिवशी स्टुडिओचा मालक जोतिबा मदत मागायला श्रीपाद किल्लेदारांकडे आला. बेळगावात खासगी तपासाची कामं घेणारे किल्लेदार एकटेच. त्यांचे मित्र, वकील आनंद देसूरकर, तिथंच बसले होते.

साल १९४३. आदल्या वर्षीच्या चळवळीत वडगावच्या पोरांनी कोगनोळीजवळ तारा तोडल्या आणि खांबापाशी उभं राहून हौसेनं फोटो काढून घेतला. तो पोलिसांच्या हाती पडला आणि दोघं पकडले गेले. त्यांचा सोबती रवळू फोटोत नव्हता. तरी मित्रांना नेल्याचं कळताच तो आपणहून हजर झाला आणि तुरुंगात तापानं गेला. फोटो काढला होता त्याच्या धाकट्या भावानं, शामूनं. रोल आपण जोतिबाकडे धुवायला दिला होता, असं त्यानं वडगावात सांगितलं. तेव्हापासून जोतिबा पोलिसांचा खबऱ्या ठरला होता.

"त्यो रोल मी बघितलाबी न्हाय, साहेब," जोतिबा म्हणाला. "शामू आधी यायचा. वर्षभर फिरकलाच न्हाय. आता माझ्या पोरीचं, बेबीचं, ठरलेलं लगीन मोडलं."

पकडलेल्या पोरांचा खटला देसूरकरांनीच लढवला होता. पुराव्यातला फोटो त्यांनी कोर्टातून पाहायला मिळवला. किल्लेदारांनी भिंग लावलं. चित्रावर केसाएवढ्या बारीक, वाकड्या पांढऱ्या रेघा होत्या. त्यांनी रुमालानं पुसून पाहिल्या, गेल्या नाहीत. उजव्या कडेला कुणाचं तरी कोपर दिसत होतं.

जोतिबानं फोटो हातात घेतला. शामूच्या कॅमेऱ्याचा फोटो याहून बोटभर रुंद यायचा, असं तो म्हणाला.

"फोटो कुणी काढला, हे कोर्टात निघालं होतं?" किल्लेदारांनी विचारलं.

देसूरकरांनी आठवून पाहिलं. पोलिसांनी तो प्रश्न कुणालाच विचारला नव्हता. आरोपी हाती लागल्यावर पोलिसांना फोटो काढणारा कशाला हवा, असं देसूरकरांचं मत पडलं.

जोतिबाचा जुना कारागीर मष्णू भांडून निपाणीच्या एका दुकानात गेला होता. देसूरकरांचा संशय त्याच्यावर होता, म्हणून दोघं निपाणीला गेले. मष्णूनं जोतिबाला पोटभर शिव्या दिल्या. मालक माणूस न्हाय, म्हणाला. वाळत्या फिल्मवर धुळीचा एक कण बसला म्हणून त्यानं मला ताट फेकून मारलं. फिल्म वाळवायलासुद्धा त्याचं काचेचं बंद कपाट होतं.

"राग आहे याच्या मनात," परतताना देसूरकर म्हणाले.

"म्हणूनच त्याचं बोलणं कामाचं," किल्लेदार म्हणाले.

वडगावात रवळूची आई मालुबाई मागावर बसली होती. पांढऱ्या धोतराचं पान विणलं जात होतं. घरात कापसाची कुसं उडत होती. बसल्या बसल्या देसूरकरांच्या काळ्या कोटावर पांढरा थर जमला. शामूनं रोल दुकानात दिल्याचंच पुन्हा सांगितलं. त्याची नखं तपकिरी झाली होती. विणकराची नखं, रंगाचीच असणार, असं देसूरकरांनी बाहेर पडल्यावर म्हटलं.

"रंगीत सूत दिसलं का तुम्हाला त्या घरात?" किल्लेदारांनी विचारलं.

दोन दिवसांनी ते जोतिबाला घेऊन पुन्हा त्याच घरी आले. मालुबाईनं माग थांबवला.

किल्लेदारांनी फोटो शामूपुढे ठेवला. "या रेघा पुसल्या जात नाहीत, म्हणजे त्या कागदावर बसलेल्या नाहीत. ओल्या फिल्मवर कापसाची कुसं चिकटली. तेवढ्या जागी उजेड अडला आणि कागद पांढरा राहिला. जोतिबांकडे फिल्म बंद कपाटात वाळते, हे त्यांचा वैरी सांगतो. ही फिल्म माग असलेल्या घरात वाळली. तू वर्षभर दुकानात गेला नाहीस, कारण घरीच रोल धुवायला शिकलास. नखांवर रोल धुवायच्या औषधाचे डाग आहेत."

शामूनं बोटं मुठीत लपवली.

"फोटो बोटभर कापलेला आहे. कडेला कोपर उरलंय. परक्या खबऱ्यानं कापायची तसदी कशाला घ्यावी? कापणारा एका माणसाला वाचवत होता. फोटोत नाही तरी हजर झाला, असा एकच जण आहे. आणि फोटो कुणी काढला हे पोलिसांनी विचारलं नाही, कारण तो काढणाराच त्यांना देऊन गेला होता."

मग शामूनं तुटक तुटक सांगितलं. रवळूवर फौजदाराचा आधीच डोळा होता. बाकीच्यांची नावं दे, भावाला हात लावत नाही, असं त्यानं शामूला कबूल केलं होतं. शामूनं फोटो कापून दिला. रवळू स्वतः जाऊन उभा राहील, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"दादाला वाटलं, मित्रांना सोडून कसं ऱ्हायचं," तो म्हणाला.

देसूरकर मालुबाईकडे वळले. तिला हे आत्ताच कळत असेल, म्हणून धीर द्यायला ते काही बोलू लागले. तिनं हातानं थांबवलं आणि ती जोतिबाकडे वळली.

"मला ठावं व्हतं, अण्णा. माझ्याच सुताच्या दोरीवर ती फिल्म वाळत व्हती. एक पोरगा गेलता. दुसऱ्याला लोकांनी मारलं असतं. मीच त्याला तुमचं नाव सांगायला लावलं."

"मलाबी घर हाय, आक्का," जोतिबा म्हणाला.

ती पुन्हा मागावर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी शामूनं खडेबाजारात उभं राहून सारं सांगितलं. लोकांनी त्याला मारून रस्त्यावर लोळवलं. जोतिबाला ते दुकानातून दिसत होतं. तो उठला नाही. त्या आठवड्यात शामू गाव सोडून गेला. कुठं, ते मालुबाईलाही कळलं नाही. बेबीशी लग्न ठरलेल्या मुलाचं तोवर दुसरीकडे लग्न झालं होतं.

गिऱ्हाइकं परत येऊ लागली. काचेवर दगड मारणारेही आले; केस विंचरून, पोरंबाळं घेऊन खुर्चीवर बसले. कुणी झाल्या गोष्टीचा विषय काढला नाही. जोतिबा कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली डोकं घाली आणि बराच वेळ बाहेर काढत नसे. तो कॅमेरा जुळवतोय असं समजून लोक हसरे चेहरे करून बसून राहत.