कोऱ्या चेहऱ्याचा चितारी

साकीनाक्याच्या त्या गाळ्यात हॉटेलांसाठी जुन्या चित्रांच्या नकला व्हायच्या, आणि त्यातले चेहरे फक्त मालक सिद्धेश काढायचा. नितेशकडे मागचं आभाळ नि झाडं, अक्षताकडे कपडे. वर्षानुवर्षं बाह्या नि झालरी रंगवून तिचं डोकं उठलं होतं. "मला चेहरा कधी देणार?" असं विचारलं की सिद्धेश म्हणायचा, "बघू ना." कसलं डोंबलाचं बघू.

मग त्या स्कॉटलंडच्या चिताऱ्याचं काम आलं. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा, कुणाला फारसा ठाऊक नसलेला माणूस. एडिंबरात उस्तादाकडे शिकायला राहिला. आधी रंग घोटले, मग जन्मभर उस्तादाच्या चित्रांतले कपडे रंगवले. चेहऱ्याला हात लावायची मुभाच नाही. कामासोबत आलेली ही माहिती वाचूनच अक्षताला वैताग आला. मेलं, हे तर आपलंच रडगाणं. म्हातारपणी त्याने स्वतःचं चित्र काढलं, तर कोट अप्रतिम आणि चेहऱ्याची जागा कोरी. गिऱ्हाइकाला नकलेत ती जागा भरून हवी होती.

"तूच काढ," सिद्धेश म्हणाला. "जमलं तर पुढचे चेहरे तुझे."

पहिल्या दिवशी नाक उतरलं ते हुबेहूब सिद्धेशचं. तिने खरवडलं, पुन्हा काढलं, पुन्हा तेच. चिडून तिने सिद्धेशकडे पाहिलं, तर त्याच्या नाकाच्या जागी नुसतं धूसर. तिने चष्मा पुसला. त्याच्या शर्टाच्या शिवणीचे टाके मात्र मोजता आले असते.

"नंबर वाढला वाटतं तुझा," नितेश म्हणाला.

"गप रे. आधीच कावलेय मी."

पुढे चित्रात नितेशच्या भुवया आल्या, मग त्याचं तोंड. आता त्याला आवाजावरून ओळखावं लागे. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. अक्षताला भीती वाटली, चित्र सोडून द्यावंसंही वाटलं. पण इतक्या वर्षांनी हाती आलेला चेहरा सोडायचा कसा?

चित्रात आता डोळे तेवढे राहिले होते. शनिवारी तेही उतरले. हसरे, कडेला बारीक सुरकुत्या. कुठेतरी पाहिलेले.

"झकास," सिद्धेश म्हणाला. "आता चेहरे तुझेच."

मुलुंडला घरी पोचताच तिने आईला हाक मारली. प्रेमाबाई हात पुसत बाहेर आल्या.

"काय गं, एवढी खूश?"

पदराची चुणी न् चुणी लख्ख दिसत होती. त्याच्या वर ते हसरे डोळे नव्हते, चेहऱ्याच्या जागी काहीच नव्हतं.

"चेहरे मिळाले मला, आई," ती म्हणाली, आणि कुठे बघून बोलायचं ते तिला कळेना.